दुसरा चाकू: सडपातळ, बिनघडीचा, अंगावर असूनही न जाणवणारा. कोणता घ्यावा?

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

बरीच वर्षं डोंगरात गट घेऊन जाते. चाकू म्हणजे माझ्यासाठी दोर, पट्टी, काठी आणि क्वचित बँडेज कापायचं साधन. आजवर एक घडीचा चाकू सॅकच्या वरच्या खणात असायचा आणि तेवढ्यावर भागायचं.

गेल्या पावसाळ्यात भागलं नाही. एका घसरड्या उतारावर आधाराला दोर लावला होता. गटातल्या एका मुलीच्या सॅकचा पट्टा दोराच्या गाठीत असा पिळला गेला की तिला ना वर सरकता येईना ना खाली. पाय अर्धवट टेकलेले, सगळा भार छातीच्या पट्ट्यावर. पट्टा कापला की ती सुटणार, एवढंच काम. मी तिच्यापर्यंत पोचले, पण चाकू पाठीवरच्या सॅकमध्ये आणि माझा एक हात दोरावर. मागच्या मुलानं खण उघडून चाकू हातात दिला, तर हात चिखलानं माखलेले. पात्यावरच्या खाचेत नखच धरेना. शेवटी दातानं उघडला. ती सुखरूप उतरली. तिच्या ओठांचा उडालेला रंग मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून ठरवलंय, दुसरा चाकू हवा आणि तो अंगावर हवा. उघडायचा नसलेला, म्हणजे फिक्स्ड ब्लेड. पातं ६ ते ८ सेंटीमीटर, म्यानासकट वजन १०० ग्रॅमच्या आत. माझ्या गटांत शाळकरी मुलं आणि त्यांचे आईवडील असतात, त्यामुळे कमरेला काही लोंबतंय असं दिसायला नको. शर्ट खाली सोडला की नजरेत येऊ नये, सॅकच्या पट्ट्याखाली टोचू नये.

वाचायला लागले आणि गोंधळ वाढला. कुणी म्हणतं गळ्यात घाला, कुणी म्हणतं पट्ट्यात आडवा लावा. पोलादांची नावं तर संपतच नाहीत. ज्यांनी खरोखर वापरलाय त्यांनी सांगा.


लोहारकी

ताई, आधी म्यान ठरवा, मग चाकू.

घरच्या भट्टीवर बारा-तेरा वर्षं पाती घडवतोय. लोक येतात ते पोलादाचं नाव विचारत, आणि परत येतात ते म्यानाची तक्रार घेऊन. खुळखुळतं, टोचतं, पट्ट्यावर गोल फिरतं, आत पाणी राहतं. जो चाकू टोचतो तो तिसऱ्या दिवशी सॅकमध्ये जातो. मग त्याचं पोलाद कितीही भारी असो, तुमच्या त्या उतारावर तो उपयोगाचा नाही.

सडपातळपणाचा हिशोब करून बघा. समजा पातं ३ मिलिमीटर जाड आहे. मुठीच्या दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या तर मूठ झाली ११. कायडेक्सचा, म्हणजे म्यानाच्या प्लॅस्टिकचा, पत्रा बहुधा १.५ किंवा २ मिलिमीटरचा असतो, म्हणजे म्यानातलं पातं साधारण ७. त्यावर पट्ट्याची क्लिप बसली की आणखी ५-६. म्हणजे अंगावर जो फुगवटा जाणवतो तो मुठीचा आणि क्लिपचा, पात्याचा नव्हे. लोक ४ मिलिमीटरऐवजी २.५ चं पातं शोधत बसतात आणि दीड मिलिमीटर वाचवतात. मुठीच्या पट्ट्या ४ वरून २ वर आणल्या तर चार वाचतात.

त्यामुळे या कामाला फुल टँग घ्या, म्हणजे पात्याचंच पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं. ते स्वतःच कणा असल्यामुळे वरच्या पट्ट्या पातळ चालतात. बारीक शेपटी मुठीत घुसवलेली असते, फिनलंडच्या पूक्को या पारंपरिक चाकूसारखी, तिथे लाकूड भरीव ठेवावंच लागतं. पूक्को लाकूड तासायला अप्रतिम, तासन्‌तास हात दुखत नाही. पण ती गोल मूठ कमरेला गाठीसारखी लागते.

म्यान कायडेक्सचं घ्या. विमानांच्या आतल्या भागांसाठी १९६५ मध्ये निघालेलं हे प्लॅस्टिक. गरम केलं की मऊ पडतं, पात्यावर दाबून थंड केलं की त्याच आकाराचं होऊन बसतं. पाणी पीत नाही. चामडं मलाही आवडतं, पण ते घाम आणि पाऊस धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात. महिनोन्‌महिने आत पडलेल्या पात्याला ते मानवत नाही.

म्यान हातात आल्यावर एवढं करा. खाली गादी अंथरा, चाकू म्यानात घालून उलटा धरा आणि झटका द्या, जोरात. निसटता कामा नये. मग अंगठ्यानं म्यानाच्या तोंडाशी रेटून बाहेर काढा. ‘टक्’ असा एकच आवाज यावा आणि लगेच मोकळा व्हावा. पकड मुठीजवळच्या बोथट भागावर असायला हवी. ती धारेवर असेल तर प्रत्येक वेळी काढताना-घालताना धार घासली जाते. तळाला पाणी निघायला भोक आहे ना, तेही बघा. आणि तापलेल्या गाडीत काचेमागे ठेवू नका. उन्हात मऊ होऊन सैल पडलेली म्यानं मी दुरुस्त केली आहेत.


नदीकाठ

लोहारकींशी शंभर टक्के सहमत. मी वाहत्या पाण्यातला माणूस, राफ्ट आणि कायाक. आमच्यात दोर नेणाऱ्यानं चाकू न्यायलाच हवा, कारण पाणी आणि दोर एकत्र आले की दोर कुणाच्या पायात अडकेल ते सांगता येत नाही.

ताई, तुम्ही टोकाचा विचार केलेला दिसत नाही. माणसाच्या अंगाला चिकटलेला पट्टा कापायचा असेल तर टोकदार पातं नको. तो माणूस धडपडत असतो, आपणही तोल सावरत असतो. आमच्याकडे म्हणूनच बोथट, चपट्या टोकाची पाती वापरतात. पट्ट्याखाली पातं सरकवायचं, धार बाहेरच्या बाजूला, आणि आपल्याकडे ओढायचं नाही, त्याच्या अंगापासून दूर ढकलायचं. डोंगरात अगदी चपटं टोक नको असेल तर शीप्सफूट बघा. त्यात धार सरळ असते आणि पाठ गोल वळून टोकाशी धारेला मिळते. टोक आहे, पण सहज घुसत नाही.

दुसरं, गळ्यात घालू नका. पाण्यात तर मुळीच नाही, आणि दोरांवर काम असेल तर डोंगरातही नाही. गळ्यातली दोरी अडकली की ज्याला सोडवायचं त्याच्याआधी आपणच अडकतो.

आमच्या एका उलटलेल्या कायाकच्या वेळचं सांगतो. मी पाण्याखाली, झाडाची फांदी छातीवरून घासत गेली. वर आलो तर जॅकेटवरचं म्यान जागेवर, आत चाकू नाही. घरी झटकून बघितलं होतं, घट्ट वाटलं होतं. पण फांदीनं मुठीच्या टोकाला पकडून सरळ रेषेत ओढलं, आणि झटका वेगळा, सलग ओढ वेगळी. आता मी मुठीच्या भोकात दोरी बांधून सामानाचा काटा लावतो आणि किती भाराला चाकू सुटतो ते बघतो. एका हाताला जमेल पण फांदीला सहज जमणार नाही, असा मध्य प्रत्येकानं आपल्या ताकदीप्रमाणे शोधावा.


रानवारा

माझ्याकडे यातले तीन आहेत, तिघांबरोबर बराच काळ काढलाय, म्हणून लिहितो.

मोरा कंपनीचा एल्ड्रिस. स्वीडनचा. पातं ५९ मिलिमीटर, जाडी २. कापतो असा की काही विचारू नका, कारण पातं मुळातच पातळ आहे. पण मूठ गुबगुबीत, वर म्यान मुठीला अर्धं झाकतं. खिशात छान, कमरेला शर्टाखाली मात्र लिंबू ठेवल्यासारखा दिसतो.

ईएसईई कंपनीचा इझुला. नाव दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातल्या एका जबर डंखाच्या मुंगीवरून आहे. नुसता पोलादाचा सांगाडा, मुठीच्या पट्ट्या न लावता साधारण ५७ ग्रॅम. चपटा म्हणजे अगदी चपटा, तुम्हाला हवा तसा. पण पातं साधारण ४ मिलिमीटर जाड आणि उंचीला आखूड, त्यामुळे जाडी धारेपर्यंत नीट उतरायला जागाच नाही. ओल्या काठीत पाचरीसारखा अडकतो. पोलाद १०९५, गंजतं. पावसात दोन दिवस लक्ष दिलं नाही तर लेपाखाली न झाकलेल्या जागी, म्हणजे नेमकं धारेवर, तांबूस ठिपके आलेच.

सीआरकेटी कंपनीचा मिनिमलिस्ट. पातं दोन इंचांहून किंचित मोठं. मुठीवर बोटांसाठी खोल खाचा, त्यामुळे एवढासा असून हातातून निसटत नाही. पण खाचा कुणाच्या तरी बोटांच्या मापाच्या आहेत, माझ्या नाहीत. उलटा धरायचा म्हटलं की टोचतात.

तुलना करायला तिन्हींनी एकच काम केलं: ११ मिलिमीटरचा जुना, बाद झालेला दोर, रात्रभर भिजवलेला. सैल असताना एल्ड्रिसनं तीन फटक्यांत कापला, इझुलाला आठ लागले, मिनिमलिस्टला सहा. मग त्याच दोराला भार लावला, आणि तिघांचंही पातं नुसतं टेकलं तोच दोर फाटकन गेला. आधी बाहेरचं विणलेलं कवच उलगडलं, मग आतले पांढरे धागे एकेक करून, जणू कुणी आतून ओढतंय. पोटात गोळा आला माझ्या. गिर्यारोहण शिकवणारे हे नेहमी सांगतात, पण स्वतः बघितल्यावर समजतं. ताणलेल्या दोराजवळ चाकू काढायचा तर कोणता दोर माणसाला धरून आहे हे मोठ्यानं बोलून, बोट लावून, मगच काढायचा. पायवाटताई, तुमच्या प्रसंगात तो पट्टा आणि दोर शेजारी-शेजारी होते ना?


पायवाट

होय रानवारा, चार बोटांच्या अंतरावर. तुमचं वाचून आत्ता हात थंड पडले. माझ्या चाकूचं टोकही चांगलंच टोकदार होतं. शीप्सफूट नक्की.


उंबरठा

मी फक्त वाचक, पण एक विचारू का? ‘न दिसणारा’ चाकू बाळगणं कायद्यात बसतं का? आणि घेतोच आहोत तर स्वसंरक्षणालाही उपयोगी पडेल असा, दोन्हीकडे धार असलेला का घेऊ नये?


साक्षीपुरावा

वकिली करतो म्हणून उत्तर देतो.

सगळीकडे चालेल असा एकच नियम नाही. पण बहुतेक ठिकाणचे कायदे फिरून-फिरून त्याच गोष्टी बघतात: पात्याची लांबी, घडीचा की बिनघडीचा, एकधारी की दुधारी, उघड लावला होता की कपड्याआड, आणि जवळ बाळगायचं कारण काय. बिनघडीच्या चाकूला अनेक ठिकाणी जास्त कडक नियम आहेत, आणि कपड्याआड असणं हाच काही ठिकाणी वेगळा गुन्हा ठरतो. त्यामुळे ताई, तुम्ही ‘नजरेत भरू नये’ म्हणता ते बरोबर, पण ‘लपवलेला’ होऊ देऊ नका. मूठ किंवा क्लिप दिसते आहे, विचारलं तर सहज दाखवता येतो, आणि गिर्यारोहणाच्या बाकी सामानाबरोबर आहे, हे चित्र वेगळं. शर्टाखाली पूर्ण दडलेला आणि बाजारात फिरताना सापडलेला, हे चित्र वेगळं.

माझा सल्ला: वाटेला लागताना कमरेला लावा, वाटेवरून उतरलात की काढून सामानाच्या तळाशी, म्यानात, गुंडाळून. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या सामानात द्यावा लागतो. शाळा, न्यायालय, सरकारी कचेऱ्या इथे नेऊच नये. जिथे जाणार तिथला नियम निघण्याआधी वाचा. शेजारच्या राज्यात चालतं म्हणून इथे चालेल असं नसतं.

उंबरठा, दुधारीबद्दल. एक तर असं पातं अनेक ठिकाणी थेट हत्यार म्हणून धरलं जातं. आणि ‘संरक्षणासाठी ठेवलाय’ हे तुमच्या तोंडचं वाक्य हत्याराचा हेतू तुमच्याच शब्दांत नोंदवून देतं.


लोहारकी

कामाच्या बाजूनंही दुधारी नकोच. पाठीवर अंगठा ठेवून जोर द्यायचा असतो, तिथेही धार असेल तर अंगठा कुठे ठेवणार? पट्ट्याखाली सरकवताना माणसाच्या अंगाकडची बाजू बोथट हवी हे नदीकाठनं सांगितलंच. हा धागा कापायच्या साधनाचा आहे, तो तसाच राहू दे.


उंबरठा

पटलं. आभार दोघांचे.


कातळवेल

मूठ कुणीच नीट धरलेली नाही अजून! माझा हात लहान आहे, हातमोजे घालून कातळावर काम करते, म्हणून मला हे आधी दिसतं.

सडपातळ चाकूत तीनच बोटं मावणारी मूठ असते आणि करंगळी हवेत राहते. ते चालतं, अट एकच: तीन बोटांत तो वळता कामा नये. चपटी मूठ ओल्या हातात वळत नाही, गोल मूठ वळते. सडपातळपणाचा हा एक फायदाच आहे. पण नुसत्या पोलादी सांगाड्याची कड बोटाला चिरते. दहा मिनिटं काठी तासून बघा, तर्जनीच्या मुळाशी लाल रेघ उठते. मुठीच्या कडा गोल घासलेल्या आहेत का, यावरून अंगठा फिरवूनच घ्या.

पॅराकॉर्ड, म्हणजे बारीक नायलॉनची दोरी, गुंडाळलेली मूठ फोटोत छान दिसते. पावसात ती पाणी पिते, चिखल धरते, वाळायला दोन दिवस लागतात, आणि तोवर खालचं पोलाद ओलं. त्यापेक्षा २ मिलिमीटरच्या मायकार्टा किंवा जी-१० च्या पट्ट्या. जी-१० म्हणजे काचेचं कापड राळेत दाबून केलेली पट्टी. मायकार्टा म्हणजे साधं कापड किंवा कागद तसाच दाबून केलेली; ओली झाल्यावर तिची पकड वाढते, हे मला फार आवडतं.

मुठीच्या टोकाला आखूड दोरी बांधा, दोन इंचांची, एका गाठीची. फास नको, अडकतो. हातमोज्यात मूठ सापडत नाही तेव्हा बोटांना आधी ती गाठ लागते.


मलमपट्टी

तातडीच्या विभागात काम करते. चाकूच्या जखमा बघते त्यातल्या पुष्कळशा कापताना झालेल्या नसतात, चाकू परत म्यानात घालताना झालेल्या असतात. काम संपलं, लक्ष दुसरीकडे, डाव्या हातानं म्यानाचं तोंड धरलेलं, आणि पातं थेट अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ भागात. तिथे अंगठ्याच्या शिरा आणि नसा आहेत. काढताना घाई असेल तर असू दे, घालताना थांबा, बघा, म्यान धरणारी बोटं तोंडापासून मागे घ्या. गडबडीत असाल तर घालूच नका, जमिनीवर ठेवून त्यावर सॅक ठेवा.

जागेबद्दल. पाठीच्या मधोमध, मणक्यावर लावू नका. मागे घसरून पडलात तर तो कडक तुकडा आणि जमीन यांच्यामध्ये मणका सापडतो. पुढे पोटावर उभा लावला तर वाकताना, बसताना मांडीच्या सांध्याशी रुततो. कमरेच्या हाडावर लावला तर सॅकचा पट्टा त्यावर दाबून बसतो आणि संध्याकाळी काळानिळा डाग. राहतो तो पोटाच्या बाजूचा भाग, बेंबी आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये, आणि तिथे आडवा.

गळ्यात घालायचाच असेल कुणाला, तर हलक्या ओढीनं तुटणारी मण्यांची साखळी किंवा सुटणारी कडी हवी. पक्की दोरी गळ्यात नको.


रानवारा

@लोहारकी, पोलादाबद्दल तुम्ही बोलायचं टाळताय असं वाटतंय.


लोहारकी

टाळत नव्हतो, मुद्दाम मागे ठेवलं होतं. आता विचारलंच आहे तर सविस्तर.

मुख्य चाकू रोज वापरला जातो, रोज पुसला जातो, महिन्याला धारेच्या दगडावर येतो. दुसऱ्या चाकूचं आयुष्य उलटं. तो महिनोन्‌महिने म्यानात घामाच्या वाफेत पडून असतो आणि एक दिवस अचानक त्याच्याकडून पहिल्या दिवसाची धार हवी असते. धारेचा शेवट केसाहूनही कितीतरी बारीक असतो. तिथे गंज धरला तर डोळ्याला काही दिसत नाही, पातं चकचकीतच असतं, पण टोमॅटोवर टेकवलं की सरकतं. न वापरता बोथट झालेला चाकू म्हणतात तो हा. म्हणून या कामाला मी आधी गंज न धरणं बघतो, मग चिवटपणा, आणि धार किती काळ टिकते ते सगळ्यात शेवटी. दोन पट्टे कापायला धार टिकावी लागत नाही, असावी लागते.

१०९५ मध्ये साधारण ०.९५ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळजवळ नाही. चिवट, धार लावायला सोपं, पण रानवारांनी पाहिलं तसं गंजतं. स्टेनलेस म्हणवायला किमान १०.५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं. मोरा वापरतात ते १२सी२७: कार्बन ०.६ च्या आसपास, क्रोमियम साडेतेरा. साधं, विश्वासू, दगडावर दहा मिनिटांत तयार. बहुतेकांना याहून जास्त काही लागत नाही, असं माझं प्रामाणिक मत.

पण टक्क्यांवर डोळे झाकून जाऊ नका. डी२ मध्ये जवळपास १२ टक्के क्रोमियम असतं, तरी ते डागाळतं. कारण कार्बन जास्त, आणि तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत बांधून टाकतो. गंजाशी लढायला पोलादात मोकळं क्रोमियम उरत नाही. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं तयार केलेलं आणि २०२१ मध्ये बाजारात आलेलं मॅग्नाकट बरोबर याच्या उलट आहे. क्रोमियम फक्त १०.७ टक्के, पण कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे होतील अशी आखणी केलेली, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. गंज धरत नाही आणि चिवटही राहतं. मी त्याची पाती घासली आहेत. घासायला वेळ घेतं, पण मिळालं तर घ्या.

नदीकाठसारख्यांना, म्हणजे कायम पाण्यात असणाऱ्यांना, नायट्रोजनची पोलादं, उदाहरणार्थ एलसी२००एन. कार्बनचं बरंचसं काम त्यात नायट्रोजन करतो. खाऱ्या पाण्यातही त्यांना गंज धरत नाही म्हटलं तरी चालेल. डोंगरात त्यांची गरज नाही.

कडकपणा ५८ ते ६० रॉकवेल पुरे. धारेमागची जाडी विचारा. जिथून शेवटची धार सुरू होते तिथे ०.४ मिलिमीटरच्या आसपास असेल तर पातं ३ मिलिमीटरचं असूनही छान कापेल. विकणारे पोलादाचं नाव मोठ्या अक्षरात लिहितात आणि हा आकडा कुणी लिहीत नाही, याचा मला खरंच राग येतो.

जाता जाता एक गोष्ट. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात जो पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी, त्याच्याकडे तांब्याची कुऱ्हाड होती आणि त्याशिवाय एक छोटा गारगोटीचा चाकू. मूठ अॅश झाडाच्या लाकडाची, सगळी लांबी सुमारे १३ सेंटीमीटर. आणि त्याला लिंडन झाडाच्या सालीच्या तंतूंचं विणलेलं म्यान, पट्ट्याला बांधायच्या चामड्याच्या वादीसकट. त्या विणकामाचा फोटो मी कितीदा तरी बघत बसलो आहे. ज्यानं ते विणलं त्याला हा धागा वाचून दाखवला असता तर त्यानं मान डोलावली असती.


नदीकाठ

दाते असलेल्या धारेबद्दल: पट्टी आणि ओला दोर यांसाठी दाते सरस, धार थोडी उतरली तरी कापतात. आमच्याकडे मी तेच घेतो. पण ताईंचं पातं ७ सेंटीमीटरचं. अर्धं दात्यांना दिलं तर लाकडाला, बँडेजला काय उरलं? साधी धार घ्या आणि ती ठेवा.


लोहारकी

बरोबर. ताई, घेण्याआधी अजून एक करा. पुठ्ठा आणि प्लायवूडचा तुकडा घेऊन हव्या त्या मापाचा खोटा चाकू करा, म्यानाच्या जाडीसकट. एक पूर्ण दिवस सॅक लावून घालून फिरा. चढा, बसा, वाका. डोळे मिटून, डाव्या हातानं, ओले हातमोजे घालून काढून बघा. लाकडाचा आहे, लागणार नाही. जागा तोच सांगेल.


पायवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

खोटा चाकू केला. प्लायवूड तासून, दोन थर पुठ्ठा चिकटवून, एकूण १३ मिलिमीटर जाड. पहिल्या दिवशी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर लावला. हाताला फार छान येत होता. पण दुपारी सॅक झाडाखाली टेकवून मी वीस पावलं पुढे वाट बघायला गेले आणि लक्षात आलं की चाकू सॅकबरोबर मागे राहिला. म्हणजे पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी उजव्या कमरेला, हाडावर. मलमपट्टींनी सांगितलेला डाग संध्याकाळी हजर.

तिसऱ्या दिवशी डावीकडे, बेंबी आणि हाडाच्या मध्ये, आडवा, मूठ बेंबीकडे. सॅकचा पट्टा त्याच्या वरून जातो, दाबत नाही. उजव्या हातानं आडवा हात नेऊन निघतो, डाव्या हातानं मनगट वळवून निघतो. शर्टाची कड त्यावर येते पण मुठीची गाठ दिसते, म्हणजे साक्षीपुरावांचंही समाधान. दिवसभर घातला आणि रात्री काढायला विसरले, तेव्हा समजलं की जागा ठरली.

मग त्याच मापाचा खरा घेतला. शीप्सफूट, पातं ७ सेंटीमीटर, जाडी २.५, पोलाद १२सी२७, पातळ मायकार्टाची मूठ. म्यानासकट ९२ ग्रॅम. विकणाऱ्याला धारेमागची जाडी विचारली. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅलिपर काढला आणि मोजून सांगितली, ०.४५. सामानाचा काटा लावून ओढून पाहिलं, पकड माझ्या हाताला जमते तेवढीच आहे. गटातल्या सगळ्यांना पहिल्याच थांब्यावर दाखवते: हा इथे आहे, हा पट्टे कापायला आहे, मी अडकले तर तुम्ही काढायचा. एका आईनं विचारलं, मुलांना कशाला दाखवता? तिला त्या उताराची गोष्ट सांगितली. पुढच्या थांब्यावर तिनं स्वतःच गाठ पकडून काढून बघितला, आणि म्यानात घालताना बोटं मागे घेतली. मी सांगितलं नव्हतं, माझं बघून घेतली.

एक अडचण आहे. दोन ट्रेकनंतर क्लिपचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल झालेला सापडला. घट्ट केला. पुन्हा होईल का?


लोहारकी

होणारच, चालताना कंबर सतत हलते. स्क्रू काढून आटे स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, मग निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रावाचा) एक बारीक थेंब फक्त धातूच्या आट्यांवर. तो द्राव काही प्लॅस्टिकना तडे पाडतो, म्हणून म्यानाला लागू देऊ नका, लागला तर लगेच पुसा. लाल घेऊ नका, पुन्हा उघडताना स्क्रूचं डोकंच जाईल. एक दिवस तसाच ठेवून मग वापरा.

आणि स्क्रूखाली रबरी वायसर असेल तर तो काढून बघा. दबून चपटा झाला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला, कारण त्याच दाबावर म्यानाच्या तोंडाची पकडही अवलंबून असते. बदलल्यावर सामानाच्या काट्यानं पुन्हा मोजा.